आधी मंगळवार ठरवा

ताई, सप्रेम नमस्कार.

मी ४३ वर्षांची, राहायला डोंबिवली पूर्वेला. फोर्टमधल्या एका विमा कंपनीत क्लेम्स विभागात आहे. मिस्टर इथेच एमआयडीसीत, साडेसहाला घरी येतात. मुलगा नववीत, सासूबाई ७४ वर्षांच्या. स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर आमचा वन बीएचके आहे, त्याचं कर्ज दोन वर्षांपूर्वी फिटलं. तक्रार करावी असं काही नाही. तरी गेलं वर्षभर सारखं वाटतं, यातलं मी ठरवलेलं काय आहे? नोकरीचा फॉर्म भावाने आणला. लग्न आत्याने जमवलं. घर सासऱ्यांनी बघून ठेवलेलं. सगळं चांगलं निघालं, पण मी ठरवलं असं एकही नाही.

आता तीन गोष्टी एकदम समोर आल्यात. ऑफिसात टीम लीडरची बढती देतायत. हातात नऊ हजार वाढतील (आत्ता ५२ हजार येतात), पण महिनाअखेरीस रात्री आठपर्यंत थांबावं लागेल. मिस्टरांनी शिळ रस्त्यावर टॉवरमध्ये टू बीएचके बघितलाय, ८५ लाख. आमचा विकून, रजिस्ट्रेशन आणि फर्निचर धरून ५० लाखांचं कर्ज, २० वर्षांचं. त्यांचं म्हणणं, मुलाला खोली हवी, आणि आता नाही घेतलं तर कधीच नाही. तिसरी गोष्ट सांगायला लाज वाटते. माहेरून आजोबांची पत्र्याची ट्रंक माझ्याकडे आलीये, राजापूरकडचे मोडी लिपीतले जुने कागद. कॉलेजात मी मोडीची कार्यशाळा केली होती. परवा एक पत्र उघडलं, ‘सा. न. वि. वि.’पर्यंत वाचलं आणि कुकरची शिट्टी झाली. ट्रंक परत पलंगाखाली.

मागच्या महिन्यात कराडच्या एका बाईंची फाइल आली. नवरा गेलेला, पॉलिसी पाच वर्षं जुनी, आणि ‘आजार लपवला’ असा शेरा मारून क्लेम अडकवलेला. मी विमा कायद्याचं कलम ४५ दाखवलं, तीन वर्षं उलटल्यावर तसं बोट ठेवता येत नाही. पैसे सुटले. त्या दिवशी मी ७:४८ च्या लोकलच्या डब्यात सगळ्यांना पेढे वाटले.

व्हिडिओ बघते: आयुष्य जाणीवपूर्वक जगा, पहाटे पाचला उठा, ध्येयं लिहून काढा. मी पावणेपाचला उठतेच. यातलं काय निवडू?

— एक वाचक, डोंबिवली

प्रिय मैत्रीण,

पावणेपाचला उठून तीन डबे भरणाऱ्या बाईला पाचला उठायचा सल्ला देणाऱ्यांपुढे काय बोलायचं! ते व्हिडिओ आधी बंद करा. ते बहुतेक अशा माणसांनी केलेले असतात ज्यांचा डबा दुसरं कोणीतरी भरतं.

‘मी काहीच ठरवलं नाही’ या खंतीवर मी फार वेळ घालवणार नाही, कारण ती अर्धीच खरी आहे. फॉर्म भावाने आणला असेल, पण कराडच्या बाईंची फाइल बाजूला न सारता कलम ४५ शोधून काढायला भाऊ आला नव्हता. पेढे तुम्ही वाटलेत. चार पानांच्या तुमच्या पत्रात कुरकुर नाही अशा जागा दोनच, एक ती फाइल आणि दुसरी ती ट्रंक. हे लक्षात राहू द्या, पुढे लागेल.

आता मुद्द्याचं. तुम्ही तीन गोष्टी लिहिल्यात, पण निर्णय एकच आहे, घराचा. साडेआठ टक्के व्याज धरलं तर ५० लाखांना २० वर्षं महिन्याला ४३,४०० च्या आसपास हप्ता बसतो. एकूण भरायचे १ कोटी ४ लाख. तुमच्या हातात येणाऱ्या ५२ हजारांतले ४३ हजार पहिल्या आठवड्यातच गेलेले. टॉवरचा मेंटेनन्स वेगळा. अशा वेळी ते नऊ हजार ‘घ्यावेत की नको’ असा प्रश्नच उरत नाही, ते घ्यावेच लागतात. म्हणजे घरावर सही केली की बढती आपोआप ठरली, आणि बढती ठरली की ट्रंक पलंगाखाली राहणार हेही ठरलं. तीन निवडी दिसतायत खऱ्या, पण सही एकच व्हायची आहे, आणि तिथेही पेन दुसऱ्याच्या हातात आहे. तुमची ती वर्षभराची बेचैनी याच गोष्टीची असावी असं मला वाटतं.

शेवटचा हप्ता भराल तेव्हा तुम्ही ६३ च्या असाल. खासगी नोकरीत ५८ किंवा ६० ला घरी पाठवतात. मुलगा नववीत, म्हणजे बारावीला तीनच वर्षं. त्यानंतर तो पुण्याला जाईल, बंगळुरूला जाईल, कुठे जाईल देव जाणे. ज्या खोलीसाठी २० वर्षं हप्ते भरायचे तिच्यात तो कदाचित तीन-चार वर्षं झोपेल. मी घराच्या विरोधात नाही. ज्या कारणासाठी ते घ्यायचं ते कारण आणि त्याची किंमत एका कागदावर शेजारी शेजारी लिहून बघा, एवढंच म्हणते.

घर बघायला गेलं की आपण काय बघतो? रविवारी दुपारी, ऊन खिडकीतून आत आलेलं, सॅम्पल फ्लॅटमध्ये एसी चालू, टेबलावर खोटी सफरचंदं. राहायचं मात्र मंगळवारी असतं. म्हणून माझं एकच सांगणं आहे: घर, बढती, काहीही ठरवायच्या आधी मंगळवार ठरवा. सण नाही, सुट्टी नाही, पाहुणे नाहीत, असा एक साधा, कंटाळवाणा मंगळवार.

हे मी हवेतून बोलत नाही. २००४ साली मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत टेक्ससमधल्या ९०९ नोकरदार बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना नुसतं ‘तुम्ही सुखी आहात का’ असं विचारून सोडलं नाही. कालचा दिवस तुकड्यातुकड्यांनी लिहायला लावला: उठल्यापासून काय केलं, कोणाबरोबर, आणि तेव्हा कसं वाटत होतं. कामाला जाण्यायेण्याचा वेळ यादीत अगदी तळाला निघाला, आणि माणसांबरोबर गप्पा मारण्याचा, जेवण्याचा वेळ वरच्या बाजूला. घर किती चौरस फुटांचं, हे दिवसाच्या त्या तुकड्यांत कुठे लिहायचं?

अर्थात टेक्ससच्या बायका बहुतेक आपापली गाडी चालवत जाणाऱ्या. त्यांना आपला लेडीज डबा ठाऊक नाही. मटारच्या शेंगा सोलणं, एकमेकींच्या मुलांचे मार्क, डब्यातच उरकलेलं हळदीकुंकू, कोणी रडत असेल तर न विचारता दिलेली खिडकी. तुमची ७:४८ ही प्रवास आहे की गप्पा, हे तुमचं तुम्हीच ठरवा. तुम्ही पेढे घरी नेण्याआधी तिथे वाटलेत, यावरून माझा अंदाज मी बांधलाय.

तर आत्ताचा मंगळवार असा: पावणेपाचला उठणं, ७:४८, नऊच्या सुमाराला सीएसएमटी, संध्याकाळी परतीची गाडी, स्टेशनाबाहेर भाजी, आठच्या आत घरी. नव्या घरातला मंगळवार लिहायचा तर रविवारी लिहू नका. एका कामाच्या दिवशी अर्धी रजा टाका आणि सकाळी सातला त्या टॉवरच्या गेटवर उभ्या राहा. रिक्षा मिळायला किती वेळ लागतो बघा, शिळ रस्त्यावर ती कुठे अडकते बघा, स्टेशनला किती वाजता पोचता ते लिहा. संध्याकाळी डोंबिवलीला उतरून शेअर रिक्षाच्या रांगेत उभ्या राहा आणि तोच प्रवास उलटा करा. मिस्टरांना बरोबर न्या, हे महत्त्वाचं, नाहीतर तुम्ही वाढवून सांगताय असं वाटेल. एजंट म्हणेल, मेट्रो येतेय. येतेय खरी, कल्याण-तळोजा मार्गाचं काम चालू आहे. पण मेट्रो येईल तेव्हा येईल, हप्ता पुढच्या महिन्यापासून.

हिशेब अगदी साधा आहे. जाता-येता मिळून दिवसाला फक्त एक तास वाढला, तरी वर्षाला २५० कामाचे दिवस धरून २५० तास. आठ तासांचा कामाचा दिवस धरला तर हे ३१ दिवस झाले. वर्षातला एक अख्खा महिना कामावर जायचं, बिनपगारी, आणि तेही रिक्षात बसून.

आता मिस्टरांची बाजू, कारण ते पत्रात नुसते ‘मिस्टर’ आहेत आणि त्यांना बोलायला जागा नाही. वन बीएचकेत चार माणसं, त्यात दहावीच्या उंबरठ्यावरचा मुलगा आणि म्हातारी आई, ही अडचण खरी आहे. सासूबाई हॉलमध्ये, टीव्ही हॉलमध्ये, अभ्यास स्वयंपाकघरात ओट्याशेजारी, असंच असणार तुमच्याकडे. ‘आता नाही तर कधीच नाही’ यामागे हौस आहे तशी भीतीही आहे, आणि पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाची ती भीती हसण्यावारी नेऊ नका. अडचण खरी असली तरी तिच्यावर उपाय मात्र २० वर्षांचाच हवा असं नाही.

आपला वन बीएचके भाड्याने द्या आणि त्याच परिसरात, स्टेशनच्या त्याच अंतरावर टू बीएचके भाड्याने घ्या. दोन भाड्यांतला फरक जो काही निघेल तो ४३ हजारांच्या आसपासही जाणार नाही. लिव्ह अँड लायसन्सचा करार ११ महिन्यांचा असतो. जमलं तर वाढवा, नाही जमलं तर आपल्या घरी परत या. मुलाला खोली मिळते, सासूबाईंचं देऊळ आणि डॉक्टर तेच राहतात, ७:४८ तीच राहते. आणि मोठं घर खरंच हवं होतं की नुसतं मोठं वाटायला हवं होतं, हे वर्षभरात कळतं. परत फिरता येतं अशी वाट समोर असताना न फिरणारी वाट आधी का धरायची? ‘स्वतःचं घर असून भाड्याने राहायचं? लोक काय म्हणतील?’ हे वाक्य तुमच्या घरात येणार, तयारी ठेवा. लोक जे म्हणतील ते सोसायटीच्या मीटिंगला म्हणतील, महिन्यातून एकदा.

हेही नको असेल तर निदान जवळपासच्या अभ्यासिकेत मुलाची एक खुर्ची घ्या. डोंबिवलीत अभ्यासिकांना तोटा नाही.

यापुढचं जरा बोचेल. तुमचं पत्र ट्रंकेवर येऊन कुकरच्या शिट्टीवर थांबतं. मिस्टर साडेसहाला घरी, तुम्ही आठला, आणि कुकर तुमचा. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत, घरकामात भाग घेणाऱ्या बायकांचा त्यातला वेळ दिवसाला सरासरी २८९ मिनिटं निघाला आणि पुरुषांचा ८८. हे ८८ सुद्धा जे पुरुष काहीतरी करतात त्यांचेच, जे करतच नाहीत ते या सरासरीत आलेलेच नाहीत. जाणीवपूर्वक जगा म्हणायला सोपं आहे. पावणेपाच ते अकरापर्यंतचा प्रत्येक तास आधीच वाटून टाकलेला असेल तर जाणीव कुठे ठेवायची, पलंगाखाली ट्रंकेशेजारी?

मिस्टरांकडे ‘मदत’ मागू नका. मदत मागितली की काम तुमचंच राहतं, वर ‘काय करू सांग’ हे विचारणंही तुमच्याच गळ्यात. एक अख्खं काम द्या. समजा, सोमवार ते शुक्रवार रात्रीचा वरणभात आणि कोशिंबीर त्यांची: डाळ संपलीये हे बघण्यापासून कुकर घासण्यापर्यंत. पहिले पंधरा दिवस वरण पातळ होईल, मीठ जास्त पडेल, सासूबाई ‘अगं, त्याला कशाला’ म्हणतील. तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात जायचं नाही. हे फार अवघड आहे, मला माहीत आहे. पोळ्यांना बाई लावा किंवा पोळीभाजी केंद्रातून आणा. ज्या गावात गल्लोगल्ली पोळीभाजी केंद्रं आहेत तिथे राहून अपराधी वाटून घेणं हा शुद्ध हट्ट आहे. सासूबाईंना बाहेरची पोळी चालत नसेल तर त्यांच्या दोन घरी लाटा, बाकीच्या बारा नको.

मुलगाही मोजा. नववीतल्या मुलाला स्वतःचा डबा भरता येतो.

बढतीबद्दल मी हो-नाही सांगणार नाही, पण एक गोष्ट विचारून घ्या: टीम लीडर झाल्यावर फाइली तुमच्या टेबलावर येणार का? बऱ्याच ठिकाणी बढती म्हणजे ज्या कामात माणूस चांगला ते काम त्याच्याकडून काढून घेणं आणि बदल्यात एक्सेलची शीट देणं. तुमचा आनंद कराडच्या त्या फाइलीत होता. अवघड, अडकलेले, वादातले क्लेम तुमच्याकडे राहतील आणि महिनाअखेरीच्या उशिराबदल्यात आठवड्यातून एक दिवस घरून काम मिळेल, असं लेखी देत असतील तर खुशाल घ्या. नुसती दुसऱ्यांची हजेरी आणि टार्गेट बघायची असतील तर नऊ हजारांत ते महाग आहे. आणि हे असं विचारता येण्यासाठी डोक्यावर ५० लाख नसलेले बरे. घासाघीस त्यालाच करता येते ज्याला दुकानातून रिकाम्या हाताने बाहेर पडता येतं.

राहिली ट्रंक. लाज कसली वाटते त्यात? मोडी किती देखणी असते हे तुम्हाला मी सांगायला नको. आधी पानभर रेघ ओढायची, मग बोरू न उचलता अक्षरं तिला एकापाठोपाठ टांगत जायची, ऱ्हस्व-दीर्घाची कटकट नाही. आणि म्हणूनच वाचणाऱ्याचा जीव जातो. शब्द कुठे संपला ते कळत नाही, आणि एकदा डोळा बसला की पान भराभर सुटत जातं. यासाठी सलग वेळ लागतो. कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये मोडी येत नाही. तेव्हा आठवड्यातले दोन तास, वार आणि वेळ ठरवून. शनिवारी चारला, सासूबाईंचा चहा झाला की ट्रंक बाहेर, फोन आत. कागद हाताळण्याआधी सगळ्यांचे मोबाइलवर नीट फोटो काढून ठेवा, वाचन फोटोवरून करा, मूळ कागदाची घडी पुन्हा पुन्हा उलगडू नका, तिथेच तो तुटतो. अडलात तर तुमच्या ऑफिसपासून चालत जाण्याच्या अंतरावर, काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. तिथे मोडी जाणणारी माणसं भेटतील, वर्गांची चौकशी करता येईल. एखाद्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत जाऊन या.

एक विनंती. ‘यातून काही उत्पन्न होईल का’ असं कोणीतरी विचारेलच, बहुधा घरातलंच. जुनी खरेदीखतं वाचून देणाऱ्यांना काम मिळतं हे खरं आहे. तरी पहिलं वर्ष कोणाचंही काम घेऊ नका. आजोबांनी कोणाला लिहिलं, कशाबद्दल लिहिलं, एवढं आधी कळू दे.

हे सगळं एकदम करायला घेऊ नका. क्रम असा धरा: या आठवड्यात टॉवरच्या गेटवर सकाळी सात. तिथून आल्यावर तिघांनी, मुलगा धरून, वेगवेगळ्या कागदावर आपापला मंगळवार लिहायचा, तासातासाने, आत्ताचा आणि हवा तो. सासूबाईंचा त्यांना विचारून तुम्ही लिहा. तुम्हाला वाटतंय त्याहून वेगळं काहीतरी निघेल. माझ्या अनुभवात म्हातारी माणसं मोठं घर क्वचितच मागतात, खाली बसायला कट्टा मागतात. चारही कागद टेबलावर ठेवून मगच बिल्डरला टोकन द्यायचं की नाही ते बोला. तोवर ‘विचार चालू आहे’ एवढंच सांगा, आणि ऑफर महिनाअखेरपर्यंतच आहे म्हणून घाई केली तर हसून फोन ठेवा. पुढच्या महिन्यात दुसरी ऑफर असते.

ता. क. सगळं करून घर घ्यायचंच ठरलं तर ते एकट्या तुमच्या नावावर घेता येतं का, हे वकिलाला विचारा. महाराष्ट्रात राहतं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, म्हणजे ८५ लाखांवर ८५ हजार. नवऱ्याबरोबर जोडीने घेतलं तर ती मिळत नाही. आणि कर्ज बदलत्या व्याजदराचं घ्या. ते मुदतीआधी फेडलं तर बँकेला दंड लावता येत नाही. बोनस आला की मुद्दलात टाका, सोफ्यात नको.